खंडेनवमीचं तेल

“आबा, भोपाळच्या यादीत तुमचं नाव आहे का?”

ट्रकमधून उडी मारल्या मारल्या मी विचारून टाकलं. आई वरून भांड्यांचं पोतं खाली देत होती, ते तिच्या हातून सुटलंच. आबांनी वरच्यावर झेललं, बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “आधी आईला उतरू दे.”

पैज लीलानं लावली होती. दसऱ्याच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस, गोरखीची शाळा, मधली सुटी. एक नोव्हेंबरला मध्य भारत राज्य संपणार, इथल्या कचेऱ्या उठून भोपाळला जाणार, कुणाला नेणार नि कुणाला घरी बसवणार त्याच्या याद्या चाललेल्या. दौलतगंजात आमच्या गल्लीत एक घर असं नव्हतं जिथं हा प्रश्न नव्हता, आणि एक घर असं नव्हतं जिथं तो कुणी तोंडानं विचारत होतं. वनमाला म्हणाली, “माझी तर हिंमत नाही बाई.” लीला म्हणाली, “शालिनी विचारेल ना! गांधी जयंतीला सगळ्या शाळेसमोर भाषण ठोकलं, पहिला नंबर काढला. आता बघू, बापासमोर तोंड उघडतं का.” लीलाचं काय जातं? तिचे वडील श्रीपादराव ओव्हरसियर, आबांच्या खात्यातली यादी तेच करत होते. मी म्हटलं, “उतरल्या उतरल्या विचारते. शर्त!”

शर्त जिंकले. उत्तर मात्र जेवताना मिळालं.

“बुलडोझर चालवणारे आम्ही चौघं,” आबा भाकरी कुस्करत म्हणाले. “भोपाळला जागा दोन. श्रीपादराव म्हणाले, सिरोलीची पाळ बांधून द्या, मानसिंगराव, मी नाव घालतो. यादी पंचवीस तारखेला जाणार.”

“आणि पाळ नाही झाली तर?”

“शालिनी,” आई म्हणाली. एवढंच.

सिरोली ग्वाल्हेरपासून चौदा कोस. गावचा तलाव श्रावणात फुटला होता. पाळीला, तलावाच्या मातीच्या बांधाला, चाळीस हात रुंद भगदाड पडलेलं, आणि त्यातून उरलंसुरलं पाणी रात्रंदिवस ओढ्याला जात होतं. भगदाड बुजलं तर तलावात जे राहील त्यावर गहू पेरायचा. नाही बुजलं तर गाव मजुरीला बाहेर. आबांनी पंधरा दिवसांत निम्मं भगदाड भरलं होतं. आम्ही सुटीपुरते त्यांच्याजवळ राहायला आलो होतो, दोन तंबूंत. एका तंबूत आम्ही तिघं, दुसऱ्यात दफेदारकाका.

दफेदारकाका म्हणजे तुकोजीकाका, आबांचे चुलते. सगळे दफेदार म्हणायचे म्हणून मीही. संस्थानच्या रिसाल्यात, घोडदळात, ते दफेदार होते, आबा मिसरूड फुटायच्या आधी भरती झाले ते यांच्याच हाताखाली. फौज मोडली तेव्हाही यादी झाली होती. ती वाचली गेली तेव्हा काका परेडच्या मैदानात सकाळपासून दुपारपर्यंत ताठ उभे राहिले. नाव आलं नाही. मैदान रिकामं झालं तरी उभेच होते, मग आबांनी हात धरून घरी आणलं. आबा मोटार शिकलेले, म्हणून ते बुलडोझरवर लागले. पुढं काकांना त्यांनीच बुलडोझरचा चौकीदार म्हणून लावून घेतलं.

काका मशीनला घोड्यासारखं वागवत. संध्याकाळी साखळी-पट्ट्यात अडकलेली माती काडीनं कोरून काढत, खुरातून काढावी तशी. गावचे लोक बुलडोझरला हथिनी म्हणायचे, ते काकांना खपत नसे. “हत्ती ओझ्याचा,” म्हणायचे, “हे लढाईचं जनावर आहे.”

खंडेनवमीला आबा ट्रक घेऊन डिझेलची पिंपं आणायला गेले होते. ऑइलमन हरबिलासही नव्हता. तो बिर्लानगरचा, बायकोपोरांकडं सणाला तीन दिवस गेलेला. जाण्याआधी आबांनी त्याला सांगितलेलं मी ऐकलं होतं. “क्लच तापतोय, हरबिलास. झाकण खोल दो, एकाच बोल्टपर छोडो. जरा हवा लगने दो.” हरबिलास म्हणाला होता, “मिस्तरी साब, किताब में तो मना लिखा है.” “किताबवाले को यहाँ गाडी चलानी नहीं है,” आबा म्हणाले. दोघंही हसले.

सकाळीच काकांनी मशीन धुऊन काढलं. ब्लेडला हळदीकुंकू, झेंडूची माळ. आपली तलवार ब्लेडला टेकवून ठेवली. मग आईकडून तिळाच्या तेलाचा तांब्या मागून घेतला. इकडची माणसं सरसोंचं कडू तेल खातात, अंगाला लावतात, दिव्यालाही तेच. आमच्या दक्षिणी घरांतून देवाला नि शस्त्राला तिळाचंच लागतं. आईनं ते ग्वाल्हेरहून, लष्करच्या बाजारातून मुद्दाम आणलेलं.

“माझे गुडघे चढू देत नाहीत,” काका म्हणाले. “तू चढ. सांधा न् सांधा भिजव. कोरडं शस्त्र पुजायचं नसतं.”

मी परकर खोचून वर चढले. मला काय आनंद झाला होता! वरून सगळा तलाव दिसत होता, पलीकडच्या बाभळीही. बिजागऱ्यांत तेल घातलं, दांड्यांच्या बुडाशी घातलं. सीटच्या खाली पुढं ते झाकण दिसलं, एकाच बोल्टवर लटकलेलं. बोटानं बाजूला केलं, आत लोखंडी ताटल्या एकावर एक, कोरड्या ठाक.

“काका, इथं पोटात तर काहीच तेल नाही!”

“मग बघतेस काय? ओत.”

मी ओतलं. सगळा तांब्या. शेवटचा थेंब झटकून टाकला, झाकण सरकवलं, आणि खाली उतरून काकांबरोबर मशीनला नमस्कार केला.

दसऱ्याला काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आधी पेट्रोलचं छोटं इंजिन चालू केलं, त्यानं मोठं. धूर काळा, मग निळा, मग साफ. बुलडोझर खाणीच्या बाजूला गेला, मातीचा ढीग लोटत पाळीवर आला. असे चार फेरे झाले. पाळीवर गावचे पंचवीस-तीस जण घमेली घेऊन उभे होते. पाचव्या फेऱ्याला भगदाडाच्या ऐन तोंडाशी बुलडोझर थांबला.

इंजिन चालूच होतं. आबांनी दांडा मागं ओढला, पुढं ढकलला. खट्ट. दांडा बसायचा तसा बसला, पण पट्टे हलले नाहीत. पुन्हा. खट्ट. इंजिन ओरडतंय आणि मशीन जागच्या जागी. पुढं ढकललेली माती पाणी कडेनं खात होतं.

“का हुआ, हथिनी बिगर गई?” कुणीतरी म्हणालं. बाया हसल्या.

आबा उतरले. पट्ट्याभोवती फिरले, वाकले, चाकाशी कान लावला. “दगड अडकला असणार,” म्हणाले. पहारीसारखी सब्बल घेऊन दोन्हीकडचे पट्टे मोकळे करायला घेतले. काका आणि गावातले दोन गडी मदतीला. उन्हानं लोखंड असं तापलेलं की टेकलेली जागा भाजत होती. डाव्या पट्ट्यात खरंच एक दगड निघाला, मुठीएवढा. आबांनी तो फेकून दिला, वर चढले, दांडा ढकलला. खट्ट. काही नाही.

मग ब्रेक चिकटलेत म्हणून ब्रेकचे पट्टे ढिले केले. त्यात दुपार गेली. मग गिअरचं तेल काढून पाहिलं, बोटांत चोळून लोखंडाचा कीस आहे का बघितलं. तेल ठीक. पुन्हा भरलं. प्रत्येक वेळी वर चढायचं, दांडा ढकलायचा, खट्ट ऐकायचं, उतरायचं. चौथ्या वेळी उतरताना आबांचा पाय घसरला आणि नडगी पट्ट्याच्या कडेला सोलवटली. त्यांनी बघितलंही नाही.

प्रत्येक वेळी दांडा बसला की झाकणाच्या फटीतून बारीक धूर यायचा, आणि मला एक वास यायचा. दिवाळीत चकल्या तळताना कढई जास्त तापली की येतो, तसला. मी स्वतःला सांगितलं, डिझेलचा असेल. दिवसभर सांगितलं. आबा पट्ट्याखाली चिखलात उताणे झोपून बोल्ट सोडवत होते आणि मी त्यांना पाना देत होते. सोळा नंबर, अठरा नंबर. जिच्या तोंडाला कुणी लागू शकत नाही ती मी, एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी झाकण उघडलं. दोन बोटं आत घातली, बाहेर काढली, नाकाशी नेली.

“विजया,” त्यांनी आईला हाक मारली, “तेलाचा तांब्या कुठाय?”

“देवाजवळ.” आई तंबूतून म्हणाली. “रिकामा आहे. का?”

“आबा, मी ओतलं,” मी म्हटलं.

“मी सांगितलं म्हणून ओतलं तिनं,” काका म्हणाले. “काय झालं? तेलानं कधी शस्त्र बिघडलंय?”

आबा पट्ट्यावर बसले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हाताऱ्या माणसाला समजावतात त्या आवाजात म्हणाले, “या ताटल्या कोरड्या असतात, काका. कोरड्या असतात म्हणून एकमेकींना धरतात. तेल गेलं की नुसत्या फिरत राहतात.”

“मला काय माहीत,” काका म्हणाले. “शस्त्राला आपण...”

“हे शस्त्र नाही.”

काकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचं डोकं मी कधी उघडं बघितलेलं नव्हतं. लहान होतं एकदम.

धुवायचं तर घासलेट हवं. छावणीत एक डबा होता, आईनं कंदिलांतलंही काढून दिलं. पण झाकणाचं भोक एवढंसं, आबांचा हात मनगटाच्या पुढं जाईना. माझा जात होता. मी पालथी पडले, कोपरापर्यंत हात आत, घासलेटात बुडवलेला चिंधीचा बोळा ताटल्यांच्या मधून फिरवायचा, बाहेर काढायचा, पिळायचा. आबा पुढून लोखंडी कांब घालून इंजिनाचं चाक बोटभर फिरवायचे, मी पुढचा भाग पुसायचे. दहा-वीस वेळा नाही, शंभरदा. कडांनी बोटं कापली, घासलेट त्यात शिरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात नव्हता.

“पूस,” आबा म्हणायचे. दुसरं काही नाही.

दहाच्या सुमाराला हरबिलास आला. अंगात सणाचा नवा सदरा. त्यानं बोळा हुंगला, माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि एकदम हसत सुटला.

“बिटिया, मशीन को पूड़ी खिलानी थी तो थाली में परोस देतीं!”

मलाही हसू आलं, रडता रडता. त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला, एक बारीक काठी तासली, तिला चिंधी घट्ट बांधून दिली. “उँगली मत डालो, कट जाएगी. ऐसे घुमाओ. हाँ. शाबास.” मग खाली वाकून म्हणाला, “डरो मत. हमाये पेट में बात पच जात है.”

घासलेट संपेपर्यंत पुसलं. मग आबांनी इंजिन चालू केलं, दांडा ढकल-ओढ, ढकल-ओढ. काळं पाणी खालून गळायला लागलं. “सुकू दे,” आबा म्हणाले. “तासाभरानं बघू.” दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा खुलला.

त्या तासाभरातच जीप आली.

श्रीपादराव ओव्हरसियर मी लीलाच्या घरी कितीदा पाहिलेले. हातावर खोबऱ्याची वडी ठेवणारे. इथं डोक्यावर हॅट होती आणि मागं कारकून. त्यांनी आधी भगदाडाकडं बघितलं. दीड दिवसात पाण्यानं चार हात माती खाल्ली होती. गावचे मुखिया पुढं होऊन म्हणाले, “साब, गेहूँ गया हमाओ,” तर ते म्हणाले, “जाणार नाही, जाणार नाही. नहीं जाएगा.” मग आबांकडं वळले.

“मानसिंगराव, दीड दिवस मशीन बंद. रिपोर्ट मला वर द्यावाच लागतो. काय झालं?”

“क्लचमध्ये तेल गेलं, साहेब. धुतलंय. चालेल आता.”

“गेलं म्हणजे? आपोआप?”

खाली बोळा पडला होता. त्यांनी तो काठीनं उचलला, नाकाजवळ धरला. त्यांच्या चेहऱ्यावर मी नीट बघत होते. त्यांना कळलं. लीलाकडं अनारसे याच तेलात तळतात. त्यांनी आमच्या तंबूकडं बघितलं, ब्लेडवरच्या सुकलेल्या झेंडूकडं बघितलं, काकांकडं बघितलं.

काका उठून उभे राहिले. उघडं डोकं, पण टाचा जुळवलेल्या. “साहेब, खंडेनवमीला मी...”

“काका,” आबा म्हणाले, “साहेबांना पाणी आणा.”

काका थांबले. तोंड उघडं होतं. मी मनात म्हटलं, बोला ना काका, बोला. पण आयुष्यभर हुकूम ऐकलेला माणूस. ते वळले आणि पाणी आणायला गेले.

“माणसाचं नाव लागतं मला,” श्रीपादराव हळू म्हणाले. “नाव नसेल तर ड्रायव्हरची हलगर्जी असं लिहावं लागेल. आणि तसं लिहिलं, की यादीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.”

आबा जमिनीकडं बघत होते. नडगीवरचं रक्त सुकून काळं झालं होतं, त्यावर माशा. मला आठवतं, एक माशी उडाली, परत बसली.

मग म्हणाले, “झाकण हरबिलासनं उघडलं होतं, साहेब.”

खरंच होतं ते. त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

हरबिलासला मराठी अर्धीमुर्धी कळायची, पण आपलं नाव कुणालाही कळतं. तो पुढं आला. “का कहा, मिस्तरी साब?”

“ढक्कन तुमने खोला था?” श्रीपादरावांनी विचारलं.

“खोला था. इनके कहने से खोला था. पर साब, हम तो तीन दिन घर थे!” त्यानं आबांकडं बघितलं. आबा पान्यावरचा चिखल पुसायला लागले. “साब, सूँघ के देखो. जे मीठा तेल है, तिल्ली का. हमाये घर में सात पीढ़ी से कड़वा तेल खात हैं. हम मीठा तेल कहाँ से लाएँगे?”

गावचे लोक जवळ आले होते. कुणी हसलं नाही.

“तेल कौनसा था, ये रिपोर्ट में नहीं आता,” श्रीपादराव म्हणाले. कारकुनानं वही उघडली. “ढक्कन खुला छोड दिया. बस. तू रोजंदारीवर, आजपासून बंद.”

हरबिलासनं मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात कुणाला उत्तर माहीत असलं की बाई त्याच्याकडं बघतात, तसं. मी आईच्या मागं सरकले. हात दुखतात, घासलेट झोंबतंय, असलं काहीतरी मनात आणलं. काका पाण्याचा तांब्या घेऊन आले, श्रीपादराव वरून घोटभर पाणी प्याले आणि जीपमध्ये बसले. हरबिलासनं खुंटीवरचा सदरा काढला, घातला, गुंड्या एकेक करून नीट लावल्या, आणि पाळीवरून चालत रस्त्याकडं गेला. आईनं त्याच्यासाठी थापलेल्या भाकऱ्या तशाच राहिल्या. त्या दिवशी त्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

दुपारी आबांनी दांडा ढकलला. खट्ट. मशीन हललं. लोक ओरडले, “चल गई, चल गई!” मला मात्र ओरडता आलं नाही.

पुढचे सहा दिवस आबा उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत सीटवर होते. हरबिलास नसल्यानं ग्रीस भरायला, डिझेल गाळायला, बोल्ट आवळायला काका नि मी. काका कामात चुकत नव्हते, पण आता मशीनशी बोलत नव्हते. माती कोरायची काडी त्यांनी फेकून दिली. एकदा मी म्हटलं, “काका, तुम्ही तरी साहेबांना सांगितलं असतं.” ते म्हणाले, “सांगणार होतो. पाणी आणायला पाठवलं.” आणि थोड्या वेळानं, “मी त्याला परेड शिकवली, पोरी.”

आबा आमच्याशी बोलायचे, पण सगळं पाळीबद्दल. किती हात राहिलं, किती फेरे लागतील. सातव्या दिवशी भगदाड बुजलं. गावानं नारळ फोडला, बत्तासे वाटले. मुखियांनी आबांच्या गळ्यात हार घातला. तो काढून आबांनी काकांच्या हातात दिला आणि काकांनी तो ब्लेडवर ठेवला नाही, पाळीवरच्या एका दगडावर ठेवला.

आम्ही दौलतगंजला परत आलो. शाळा उघडली त्या दिवशी लीला फाटकातच गळ्यात पडली. “शालिनी! तुझ्या आबांचं नाव यादीत आहे! दुसऱ्याच नंबरवर. बाबा कालच जेवताना म्हणाले. आता तू पण भोपाळला. वनमाला रडतेय बघ.” मीही हसले, मीही रडले, तिघींनी एकमेकींच्या वहीत पत्ते लिहिले. डबा उघडला तर आईनं शिरा दिलेला. तिला सकाळीच कळलं असणार. बोटावरच्या कापल्याच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या, शिरा तोंडात फिरत राहिला.

परवा दुपारी हरबिलास आला.

मी अभ्यास करत दारातच बसले होते, म्हणून आधी मलाच दिसला. सदरा तोच, मळलेला. आबा आत वळकटी बांधत होते. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि हातातली दोरी खाली ठेवली. आईला खूण केली. आई दारात आली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, “साब घर में नहीं हैं.”

दोरी ओढल्याचा आवाज मघापर्यंत रस्त्यावर येत होता. आता थांबला होता.

“कोई बात नहीं, बाईसाब,” हरबिलास म्हणाला. “बस इतना कह देना कि एक लाइन लिख दें. ढक्कन उनके कहने से खुला था, और हम हाज़िर नहीं थे. और कछू नईं चाहिए. जहाँ जात हैं, पूछत हैं, काहे निकाले गए? रिपोर्ट दिखात हैं.” त्यानं घाम पुसला. “हमने अर्जी दी है. बड़े साब ने सोमवार को दस बजे बुलाया है. अकेले जाएँगे तो कौन सुनेगा.”

“सांगते त्यांना,” आई म्हणाली, मराठीतच, आणि आत गेली.

तो पायरी उतरला. मी पुस्तक टाकून त्याच्या मागं गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोच म्हणाला, “हाथ कैसा है, बिटिया?” मी हात दाखवला. “भर गया,” तो म्हणाला. “अच्छा है.” मला काहीसुद्धा मागितलं नाही त्यानं. बिर्लानगरच्या रस्त्याला लागला, चालतच.

काल दिवसभर मी आबा ती ओळ लिहितात का बघत होते. दौत फळीवर होती. त्यांनी भांडी पोत्यात भरली, गाद्या बांधल्या, काकांची तलवार घोंगडीत गुंडाळली, श्रीपादरावांकडं जाऊन यादीची नक्कल घेऊन आले, ती आईला वाचून दाखवली, पेटीत ठेवली. दौतीला हात लावला नाही. रात्री जेवताना काका म्हणाले, “मानसिंग, तो सोमवारी जायचाय.” आबा म्हणाले, “मला ठाऊक आहे.” आणि ताट सारून उठले.

आज रविवार. सकाळी आई चुलीपाशी होती, आबा पेटीला कुलूप लावत होते. काका अंगणात तोंड धूत होते, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानंच मी बोलले.

“आबा, उद्या दहा वाजता मी हरबिलासकाकांबरोबर कचेरीत जाणार आहे.”

आई म्हणाली, “डोकं फिरलंय का? यादी गेलीय, पण हुकूम अजून हातात नाही. नाव कापलं तर? लीलाचा बाप आहे तिथं!”

“असू दे. तेल मी ओतलं, हे सांगणार.”

“एवढंच ना?” आबा म्हणाले. पाठमोरेच. “एवढंच सांगणार?”

“नाही. झाकण उघडं ठेवायला कुणी सांगितलं, ते साहेबांनी विचारलं तर तेही सांगणार. आणि नाही विचारलं तरी सांगणार, आबा.”